१:४२ ची म्हातारी

१४ फेब्रु., गुरुवार

कारखाना बंदच. ऊसच नाही तर गाळायचं काय. धरणात मृत साठा. आम्हा वायरमन लोकांना बुधवारी बोलावतात. मोटारींवर फडकं मारायचं, सही करायची, घरी. बावीस वर्षं केली तिथं. आता फडकं.

आज गुरुवार, ग्रुपवर व्हिडिओचा कच्चा कट टाकायचा दिवस. परळीच्या गुरुजींनी बुवांच्या मेंढरांच्या गाण्यावरचा व्हिडिओ टाकला. तीन मिनिटांत अकरा सूर्यास्त. मोजले. बुवा असते तर कॅसेट परत मागितली असती.

बुवांच्या सहा कॅसेटी आहेत, हलतं चित्र एकही नाही. गेले तोवर कुणी कॅमेरा घेऊन फिरकलं नाही. कव्हरवर एक फोटो, हातात तुणतुणं, अंगात शेजाऱ्याचा कोट. म्हणून आम्ही बेचाळीस जण त्यांच्या गाण्यांना आपापली चित्रं जोडत बसतो. त्यातल्या चाळिसांनी बसू नये असं माझं मत. ग्रुपवर बोललेलो आहे.

१७ फेब्रु., रविवार

गुरुजींना १९ चुका दिल्या. "७ वा सूर्यास्त ०:५८. सूर्य थकला, तुम्ही थकला नाहीत." गुरुजींचा फक्त नमस्काराचा हात आला.

गेवराईचा हारुण, मोबाइल दुरुस्तीवाला, त्याचा फोन: "उस्ताद, तुमी फीडबॅक देता का पोस्टमॉर्टम करता बे? गुरुजी बीपीची गोळी घेऊन झोपलेत."

झोपू दे. नियम सगळ्यांना सारखे. गुरुवारी कट. रविवारी बारापर्यंत चुका, प्रत्येक चूक सेकंदासकट. करणाऱ्यानं उत्तर द्यायचं नाही. जे सांगायचं ते व्हिडिओनं सांगावं. बारा वाजले की प्रत्येकानं कच्चा कट फोनमधून काढायचा आणि ग्रुपवर एक शब्द लिहायचा: पुसला. दोन वर्षांमागं माझा अर्धा कट कुणीतरी स्वतःच्या नावानं नेटवर चढवला, कोपऱ्यात सबस्क्राइबची फिरती घंटा लावून. तेव्हापासून हा नियम. मी केलेला.

आज नवीन सभासद. सुमनबाई. नदीपलीकडच्या गावात दूध संस्थेच्या केंद्रावर फॅट तपासतात. फोनवरच एडिटिंग करतात म्हणे. फोनवर भाजी पण चिरत असतील.

२६ फेब्रु., मंगळवार

माझ्या "आड" चं काम. आठवा महिना. बुवांचं सगळ्यात मोठं गाणं, त्याला हात लावायची ग्रुपात कुणाची छाती झाली नाही. "आडाला इचारा, पाणी कुठं गेलं", आणि मागून झीलकऱ्यांचं "गेलं गं बाई गेलं". चित्रांचे २१४ कट झाले, एकेक फ्रेम ढोलकीच्या थापेवर.

अडलंय एकाच जागी. तिसऱ्या कडव्यानंतर १:४२ ते १:४८ बुवा गप्प. झीलकरी पण गप्प. नुसती ढोलकी. सहा सेकंद. कॅसेट भरताना कुणाला तरी खोकला आला असणार. तिथं काय लावलं तरी भोक दिसतं.

९ जूनला बुवांची पुण्यतिथी, कारखान्याच्या कामगार हॉलमधे. दरसाल एकच व्हिडिओ दाखवतात. बुवांची मुलगी येते.

७ मार्च, गुरुवार

सुमनबाईंचा कट आला. "आड" वर.

विचारलं नाही, सांगितलं नाही. माझं गाणं.

दूध संस्थेनं त्यांच्या गावाबाहेर चारा छावणी उघडलीय, सगळं तिथंच शूट केलेलं. फोन हातात धरून, उभा. सुरुवातीलाच थरथर. शेळी मधेच येते. रिकाम्या किटल्या, उसाचं वाढं, पत्र्याची सावली. बरं, असू दे म्हणलं.

मग १:४२. एक म्हातारी बसलीय, मागं म्हैस. डोळ्यांनी दिसत नसावं तिला, बुबुळं पांढरी. कानाशी कुणीतरी फोन धरलाय. आणि गाणं जिथं गप्प होतं तिथं तिचे ओठ हलतात. मग थांबतात, आणि ती मान जराशी खाली घालते.

चार वेळा बघितलं. बायको, शोभा, म्हणाली, चहावर साय आली की.

हे ग्रुपवर लिहायचं नाही.

१० मार्च, रविवार

तेहतीस चुका दिल्या. ग्रुपवर आजवर कुणाला इतक्या दिल्या नव्हत्या. थोड्या उतरवून ठेवतो:

०:०४ – फोन थरथरतो. हात धरायला माणूस ठेवा.
०:२२ – शेळी. का?
०:५१ – किटली थापेनंतर ५ फ्रेमनं येते. किटलीला उशीर झाला, बुवांना नाही.
१:०९ – आभाळ. आभाळ सगळ्यांकडं असतं.
१:४२–१:४८ – म्हातारीचे ओठ हलतात, गाणं बंद आहे. बघणाऱ्याला वाटेल आवाज गेला. पूर्ण काढा.

टाळ्यांचे हात, आगीचे गोळे. हारुण: "उस्तादनं बाईला धुवून वाळत घातलं." परळीचे गुरुजी सगळ्यात जास्त खूश. आपली पाळी गेली की माणूस असाच होतो.

१२:२० ला सुमनबाईंचा आवाजी मेसेज ग्रुपवर. चार सेकंद ऐकला. "सर, तिथं आत्या..." बंद केला. लिहिलं: उत्तर द्यायचं नाही, नियम ३. लगेच त्यांनी मेसेज काढून टाकला. "माफ करा सर, नवीन हाय." आत्या म्हणजे सासू असणार, हिकडं तसंच म्हणतात.

शोभाला वाचून दाखवलं. "त्या बाईनं तुमचं काय घोडं मारलं?"
म्हणलं, शिस्त लागते.
"शिस्त का दुखतंय कुठं?"

मग ओळीनं सगळ्यांचं: पुसला. पुसला. पुसला. मी पण लिहिलं.

काँप्युटरवर ठेवलाय. "इतर" नावाच्या फोल्डरात. अभ्यासासाठी.

२१ मार्च, गुरुवार

धुळवड. टँकर चौथ्या दिवशी येतो, रंग कोरडाच. आळीतल्या पोरांनी खेळून झाल्यावर एकमेकांना नुसतं पुसून घेतलं.

सुमनबाईंचा दुसरा कट. तेहतीसच्या तेहतीस चुका दुरुस्त. स्टूल ठेवून शूट केलंय, थरथर नाही. शेळी नाही. किटली थापेवर. म्हातारीच्या जागी बादली.

निर्दोष आहे. मधे मला जांभई आली.

ग्रुपवर सगळे "भारी, भारी". मी लिहिलं: "सुधारणा दिसते." त्यांनी खाली लिहिलं, "सर तुमच्यामुळं. फोनमधी जागा नव्हती, आधीचं सगळं पुसावं लागलं, पर शिकायला लई भेटलं."

सर म्हणणारी ग्रुपात एकटीच आहे. बाकीचे उस्ताद म्हणतात, त्यात निम्मी चेष्टा.

११ एप्रिल, गुरुवार

माझा कट टाकला. "आड", २१९ कट. १:४२ ला धरणाचं तडकलेलं बुड, सावकाश सरकत जाणारं. ते घ्यायला तीन वेळा माजलगावला गेलतो. भेगा अशा साफ, की बोट घालावं.

रविवारपर्यंत वाट बघायची.

१४ एप्रिल, रविवार

आज जयंती, निम्मा ग्रुप मिरवणुकीत. तरी लिहिलंच लोकांनी. "क्या बात उस्ताद." "नमन." चूक एकानं पण काढली नाही. हिंमत नाही.

एक आली. सुमनबाई: "सर, १:४२ ला रिकामं वाटतंय."

रिकामं! लिहिलं: "गाणंच तिथं रिकामं आहे. गाणं आधी ऐका, मग एडिटिंग शिका." अकरा जणांनी हसरे चेहरे टाकले. पुण्यतिथीला माझाच व्हिडिओ ठरला.

जेवलो नाही. शोभानं ताट झाकून ठेवलं.

९ मे, गुरुवार

हारुणचा फोन. सुमनबाईंची सासू गेली. छावणीतच, दुपारी, म्हशीजवळ बसल्या बसल्या. सावलीचा पत्रा तापलेला. बायकांनी हाक मारली तर म्हातारी बसल्या जागी कलंडलेली. "म्हैस उठेना म्हणे तिच्याजवळनं," हारुण म्हणाला. हारुणला असलं तिखटमीठ लागतंच.

ग्रुपवर पणत्या, हात जोडलेले. मी पण टाकले. गुरुवार असून कट कुणीच टाकला नाही. हे बरोबर नाही, पण आज बोललो नाही.

१२ मे, रविवार

सकाळी ९:१० ला सुमनबाईंचा मेसेज. आवाजी नाही, लिहिलेला. जसाच्या तसा:

"सगळ्यांना नमस्कार. आत्या कधी फोटो काढू द्यायच्या न्हाईत. त्या दिवशी त्यांना कळलं न्हाई म्हणून घेता आलं. आमच्याकडं त्यांचं दुसरं कायच न्हाई, आधार कार्डावरचा सोडून. माझा पहिला कट कुणाकडं चुकून राहिला असंल तर द्या. यांना बघायचाय."

यांना म्हणजे नवऱ्याला. आई त्याची.

मग एकेक. पुसला वहिनी. पुसला ताई. माफ करा, नियमाप्रमाणं पुसला. हारुणनं तर दुकानातला जुना फोन उघडून बघितला, त्याचा फोटो टाकला. परळीच्या गुरुजींनी लिहिलं, "मी पुसला याचं आज वाईट वाटतं." संध्याकाळपर्यंत एक्केचाळीस जणांचं आलं. त्रेचाळिसातून त्या स्वतः आणि मी वजा.

वाचलं, हे निळ्या खुणेवरून त्यांना दिसत असणार.

द्यावा तर म्हणावं लागेल की मी ठेवला. नियम करणाऱ्यानं. आणि का ठेवला?

१३ मे, सोमवार

लिहिलं: "नियमाप्रमाणे." एवढंच. दुपारी २:०५.

खोटं नाही. अपुरं आहे.

१९ मे, रविवार

छावणीतल्या बोअरचा स्टार्टर जळाला. दूध संस्थेनं मलाच बोलावलं, आसपास दुसरा वायरमन नाही. तिथं जाणं आलं.

खोक्यात काजळी. कॉइल काढता काढता सवयीनं फोनवर "आड" लावून ठेवलं. तीन बायका जवळ बसून वाढं तोडत होत्या. तिसरं कडवं संपलं, बुवा गप्प झाले, आणि त्या तिघी, मान वर न करता, कोयते चालूच, म्हणाल्या: "गेलं गं बाई गेलं."

दोनदा. ढोलकीवर. आणि पुढं बुवांनी बरोब्बर उचललं.

पान्हा ठेवला. विचारलं, हे काय म्हणलात?

"काय म्हंजी? तिथं आपुन म्हणायचं असतंय."
"कॅसेटवर तर नाही."
त्यातली एक काळी उंच बाई लई हसली. "अवो, कॅसेटवाल्याच्या खोलीत बायका कुठनं येणार? बुवा गप व्हायचे तिथं. समोर बसलेल्या बायांनी म्हणायचं. न्हाई म्हणलं तर गाणं फुडं सरकतच नव्हतं, तशेच थांबायचे, आमच्याकडं बघत."
दुसरी म्हणाली, "आमच्या मथुराकाकूचा आवाज सगळ्यात आधी निघायचा. परवा गेल्या त्या. हितंच."

तिनं कोयत्यानं जागा दाखवली. तिथं आता दुसऱ्या कुणाची कालवड होती.

स्टार्टर जोडला. दोन फेज उलटसुलट लागल्या, मोटार उलटी फिरली. बावीस वर्षांत पहिल्यांदा. बायका बघत होत्या.

वीस वर्षं हे गाणं ऐकतोय. कोणत्या थापेला ढोलकीची शाई ढिली झालीय ते सांगतो. कुणीतरी खोकलं असेल, म्हणत होतो.

"सर, तिथं आत्या..." पुढचं आता मला माहीत आहे.

२ जून, रविवार

म्हातारीचे सहा सेकंद माझ्या टाइमलाइनवर १:४२ ला ठेवून बघितले. काही कापावं लागलं नाही, ताणावं लागलं नाही. मागचं पुढचं आपोआप बसलं. माझे दोनशे एकोणीस कट तिच्यापाशी येऊन थांबतात, आणि तिच्यापासून परत निघतात.

अकरा महिने शोधत होतो ते हे. माझ्याच काँप्युटरवर होतं, "इतर" मधे.

शोभा मागं उभी होती, कळलं नाही. "ही ती का? गेलेली?"
म्हणलं, हो.
"आणि त्यांना न्हाई म्हणलात."
न्हाई म्हणलो नाही. नियमाप्रमाणे म्हणलो.
"अवो, सापडला म्हणा. सापडला म्हणायला काय जातंय?"

सापडत नाही माझ्याकडं काही. ठेवलेलं असतं. प्रत्येक फाइलला तारीख, प्रत्येक वायरीला चिठ्ठी. सगळ्या ग्रुपला माहीत आहे. त्याच तर जोरावर इतकी वर्षं बोलत आलो लोकांना.

सहा सेकंद काढले. भेगा परत लावल्या.

९ जून, रविवार

पुण्यतिथी. कामगार हॉल भरला. जागा राखायला बायका अकरालाच, डबे घेऊन. प्रोजेक्टर मी लावला, तपासून.

व्हिडिओ चालू झाला. १:४२ ला माझ्या भेगा आल्या. पडदाभर. मी बायकांकडं बघत होतो. आता म्हणतील, बुवा थांबलेत. म्हणाल्या नाहीत. चित्र इतकं साफ होतं की सगळ्या बघत राहिल्या. छावणीतली ती उंच बाई पण, तोंड उघडं ठेवून. सहा सेकंद नुसती ढोलकी.

चौथ्या रांगेत सुमनबाई. त्यांचे ओठ हलले. आवाज आला नाही.

टाळ्या लई. नारळ, शाल. बुवांची मुलगी म्हणाली, "फोटू एकदम साफ आल्यात." आणखी काय म्हणते म्हणून थांबलो. चप्पल शोधायला लागली.

वायरी गुंडाळत होतो तर सुमनबाई आल्या, नवऱ्याला घेऊन. मुंडणानंतर त्याचे केस अजून नीट वाढलेले नाहीत. मोठा माणूस, हातात टोपी धरून उभा. त्या म्हणाल्या, "सर, तुमचं बरोबर होतं. आमच्या आत्या असल्या पडद्यावर शोभल्या नसत्या."

मनापासून म्हणाल्या. टोमणा असता तर मला परतवता आला असता.

मग नवरा, खाली बघत: "सर, ते पयलं... तुमच्याकडं न्हाईच का? ही म्हणली, सर सगळं ठिवतेत."

त्याच वेळी हारुण आणि गुरुजी माझ्यापाशी आले, शालीला हात लावून बघत. चौघांचे आठ डोळे.

म्हणलं, "नियम नियम असतो."

"असंल, असंल," तो म्हणाला. त्यालाच ओशाळल्यासारखं झालं. बायकोला म्हणाला, "म्हणलं नव्हतं तुला, कावून सरांना तरास द्यायचा." आणि माझी वायरची बॅग उचलून मोटरसायकलपर्यंत आणून दिली.

११ जून, मंगळवार

पेन ड्राइव्ह नवा आणला. त्यात एकच फाइल. त्यांचा पहिला कट, थरथर, शेळी, सगळ्यासकट. दोन मिनिटं पन्नास. नाव आधी "सुमन कच्चा १" होतं. बदलून "मथुराबाई" केलं.

उद्या बुधवार, सहीला कारखान्यावर जाताना दूधकेंद्र वाटेतच आहे.

१२ जून, बुधवार

केंद्रासमोर गाडी उभी केली. आठ-दहा बायका रांगेत, कुणाच्या किटलीत शेर, कुणाच्या त्याहून कमी. खिडकीत सुमनबाई. एका म्हातारीचं दूध मशीनला लावलं, आकडा बघितला, आणि तिला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाल्या, "मावशे, जरा पातळ झालंय बघ. पेंड भेटली न्हाई का?" म्हातारी काहीतरी बोलली. दोघी हसल्या. आकडा रांगेत कुणाला कळला नाही.

मला बघून त्यांनी खिडकीतनं हात वर केला. मी पण केला. उशीर होतोय असं घड्याळाला बोट लावून दाखवलं. कारखान्यावर माझी वाट बघणारं कुणी नव्हतं.

१६ जून, रविवार

ग्रुपवर: सुमनबाई बाहेर पडल्या. जाताना लिहून गेल्या, फोनमधी जागा न्हाई, सगळ्यांचे आभार.

परळीच्या गुरुजींनी आज कच्चा कट टाकला, वार चुकवून. दोन सूर्यास्त. चुका काढायला बसलो आणि नुसतं "बघितला" लिहिलं. हारुणचा लगेच फोन, "उस्ताद, तब्येत बरी हाय ना?"

बारा वाजता सगळ्यांनी लिहिलं. पुसला. माझा शब्द लिहायचा राहिला, तर तिघांनी विचारलं.

लिहिला.

१८ जून, मंगळवार

आभाळ कोरडंच. छावणी अजून महिनाभर म्हणतात.

सुमनबाईंचा नंबर माझ्याकडं आहे. घरबसल्या पाठवता येतो. पण फाइलवर तारीख पडलेली आहे, ७ मार्च, पहिल्या दिवसापासून ठेवलाय हे दिसणारच. पुसायला गेलं तर पुसता येते ती पण, मला येतं ते. पुसली तर मग काय राहिलं माझ्याजवळ.

हातात द्यायचा आणि सरळ सांगायचं. बोलायचं ते वाक्य तीनदा लिहून काढलं. तिन्हीत "अभ्यासासाठी" हा शब्द येतो. चौथ्यांदा तो काढून लिहिलं. वाक्य फार लहान झालं.

पेन ड्राइव्ह शर्टाच्या खिशात टाकला, शर्ट खुंटीला. केंद्र साडेसहाला उघडतं, रांग सातला संपते.

मागच्या मंगळवारी पण खिशातच टाकला होता.